रिमोटची गाडी आणि गटाचं कर्ज

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

जनावरांना वैरण टाकून, भाकरी उरकून तुम्ही आता रेडिओजवळ बसला असाल. मागच्या वेळी आपण गांडूळखतावर बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आम्ही बोलणार आहोत रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीवर. म्हणजे ती कशी साफ करायची, कशी जुळवायची आणि शर्यतीला कशी तयार करायची यावर. बचत गटाच्या बायकांना याचं काय, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हटलं होतं. पण आमच्या गटात या गाडीवरून भांडण झालं, एक मैत्रीण गट सोडून निघाली होती आणि शेवटी आम्ही बाराजणी महिनाभर त्या गाडीचे स्क्रू मोजत बसलो. हे सगळं त्या मैत्रिणीला विचारूनच सांगतो आहोत. नाव तेवढं सांगणार नाही.

झालं असं, की जूनमध्ये आमच्या या मैत्रिणीनं गटातून अठरा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, शहरात खोली घेऊन राहतो. वहीत कारण लिहिलं, शिक्षण. व्याज दरमहा शेकडा एक, मुद्दलाचा हप्ता हजार रुपये. ती एकही हप्ता चुकली नाही. दिवाळीला मुलगा घरी आला तो एक खोका घेऊन. खोक्यात चाक निखळलेली, टप फुटलेली, मातीनं भरलेली एक गाडी. आईनं विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. पोरानं फी भरलीच नव्हती. सोळा हजारांना त्यानं ही गाडी रिमोट, चार्जर, बॅटरीसकट कुणाकडून तरी जुनी घेतली होती आणि उरलेले दोन हजार टायरांवर घातले होते.

पुढच्या बैठकीत ती आली आणि पासबुक समोर ठेवून म्हणाली, "माझं नाव कमी करा. मी गटाशी खोटं बोलले." ती खोटं बोलली नव्हती, तिच्याशी कुणीतरी खोटं बोललं होतं. पण त्या दिवशी एवढं शांतपणे कुणी बोललं नाही. एकजण म्हणाली, आमच्या घामाच्या पैशावर खेळणी घ्यायची का? दुसरी म्हणाली, पोराला उभं करा बैठकीत. खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. फीची पावती आम्ही कुणीच मागितली नव्हती. आपल्याच बाईला पावती काय मागायची, असं वाटलं होतं.

मग आमच्यातली शिलाईकाम करणारी काकू म्हणाली, "गाडी विकायची तर आत्ता कितीला जाईल?" पोरानं मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, मोडकी आहे, चार हजार देतो. काकू म्हणाली, "जुनं मशीन मी कधी मळकं विकत नाही. तेल घालून, चालवून दाखवून विकते. ही गाडीही तशीच विकू." ठरलं. पोरानं सुट्टीत गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करून सुट्या भागांचे पैसे मिळवायचे, आणि गाडी गटाच्या खोलीत, सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. आईचं पासबुक आम्ही तिच्या हातात परत दिलं.

आता गाडीविषयी. ही बाजारात मिळणारी तीनशे रुपयांची गाडी नव्हे. हिला टूरिंग कार म्हणतात. रस्त्यावरच्या मोटारीच्या एक दशांश मापाची, साधारण हातभर लांब. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे, तिची ही टीटी-०२. १९४६ साली ही कंपनी लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. पुढे लाकडी खेळणी, मग प्लॅस्टिकची मॉडेलं, आणि १९७६ मध्ये रिमोटवर चालणारी पहिली गाडी तिनं काढली. या गाड्या खोक्यातून तयार येत नाहीत. सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक चित्रांची वही येते. गाडी आपली आपणच जोडायची. त्यामुळे तिचा प्रत्येक भाग उघडता येतो आणि बदलता येतो. जगभर मोठी माणसं या गाड्यांच्या शर्यती लावतात.

पहिला आठवडा नुसता साफसफाईत गेला. मऊ ब्रशनं माती झाडली. पाणी नाही वापरलं, कारण आत मोटार आणि विजेचे भाग असतात. चाकं काढली तर मागच्या दांड्याला केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले. आपल्या शिलाई मशीनच्या बॉबिनखाली जसा दोऱ्याचा गुंता साठतो, तसाच. चाक हातानं फिरवलं तर लगेच थांबायचं. काकूनं कान लावला आणि म्हणाली, हे बेअरिंग करकरतंय.

बेअरिंग म्हणजे बारीक गोळ्यांची बांगडी. तिच्यात धूळ गेली की गाडी जड होते, मोटार तापते, बॅटरी लवकर संपते. पोरानं बेअरिंगं काढून स्पिरिटमध्ये हलवून धुतली, सुकवली आणि प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. आमच्यातली एकजण म्हणाली, जरा जास्त घाल की. तो म्हणाला, "मावशी, जास्त तेल धूळ धरतं." हे तर आम्हाला मशीनवर माहीतच होतं. दोन बेअरिंगं धुऊनही करकरली, ती बदलली. इतकं केल्यावर चाकाला टिचकी मारली तर ते फिरतच राहिलं. आम्ही सगळ्या बघत बसलो.

स्क्रूची एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमच्याही उपयोगाची आहे. या गाडीचा सांगाडा प्लॅस्टिकचा. स्क्रू थेट प्लॅस्टिकात आटे पाडून बसतो. काढलेला स्क्रू परत लावताना लगेच आवळायला गेलात तर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळेत भोक सैल होतं. म्हणून स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात बसला की बारीकसा टक आवाज होतो, बोटाला कळतो. मग सुलटा फिरवायचा आणि घट्ट लागला की थांबायचं. मिक्सरचं बूड, पंख्याचं झाकण, फवारणी पंपाचं झाकण, सगळीकडे हेच चालतं. दुसरं म्हणजे पेचकस. जपानी स्क्रूच्या फुलीचा आकार आपल्या नेहमीच्या फुलीपेक्षा थोडा वेगळा असतो. आपला पेचकस त्यात नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. पोरानं चार स्क्रूंची डोकी अशीच घालवली होती. योग्य पेचकसाला अडीचशे रुपये गेले. तेव्हा महाग वाटला.

मग बॅटरी. इथे मात्र नीट ऐका. मुलानं लिथियम पॉलिमरची बॅटरी वापरली होती. सपाट वडीसारखी असते. आत दोन घरं, प्रत्येकाचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, मिळून ७.४. पूर्ण भरली की एका घराचा ४.२ होतो. त्याहून वर न्यायची नाही आणि एका घराचा ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ठेवून द्यायची असेल तर ना भरलेली ना रिकामी, साधारण ३.८ वर ठेवायची. या पोरानं गणपतीत बॅटरी पूर्ण भरली आणि तशीच पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली ठेवून दिली. दिवाळीला काढली तेव्हा तिचं पोट फुगलं होतं. तो म्हणत होता, एकदा चालवून बघू.

आमच्यापैकी चौघी सौरदिवे जोडायला शिकलेल्या आहेत. त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू झालेला. भोक पडलं किंवा चार्जिंगला लावली तर पेट घेते, आणि ती आग साधी नसते. बॅटरी अंगणात नेऊन वाळूच्या बादलीत ठेवली, पोरांना लांब केलं. नंतर तालुक्याला ई-कचरा गोळा होतो तिथे दिली. मैत्रिणींनो, फुगलेली बॅटरी मोबाइलची असो, फवारणी पंपाची असो, ती चुलीत, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. आणि कुठलीही लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. नवी बॅटरी आली तेव्हा आम्ही नियम केला, की चार्जिंग फरशीवर, जवळ वाळू, आणि बाई समोर बसलेली. चार्जरही दोन्ही घरं सारखी भरणारा हवा. एक घर पुढे गेलं आणि एक मागे राहिलं की बॅटरी बिघडते.

बॅटरीपासून मोटारीच्या कंट्रोलरपर्यंत जाणाऱ्या वायरचा जोड काळपट, खरखरीत दिसत होता. आमच्या चौघींपैकी एकीनं तो बघताच सांगितलं, हा थंड डाग आहे. म्हणजे वायर पुरेशी तापवली नाही, नुसती कथील वर थापली. असा डाग दिसायला धरलेला असतो, पण धक्का बसला की सुटतो. तिनं वायर आणि टोक आधी वेगवेगळं कथील लावून घेतलं, मग दोन्ही एकत्र तापवून जोडलं. लाल-काळा दोनदा तपासला. डाग चकचकीत आला. त्या दिवसापासून पोरगं तिला "मॅडम" म्हणायला लागलं. ती चौथी शिकलेली आहे.

रिमोटचाही एक नियम आहे. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडीला मालक राहत नाही आणि ती कुठेही धावू शकते. एका भाच्यानं घाईत आधी रिमोट बंद केला. गाडी अंगणातून सुटली ती थेट शेणाच्या खड्ड्यात. पुन्हा दोन दिवस साफसफाई. तेव्हा रडायला आलं होतं, आता हसू येतं.

आता गाडी जुळवण्याचा भाग. शर्यतीत याला सेटअप म्हणतात. याचा अर्थ, गाडी सरळ रेषेत सरळ जावी, वळणावर घसरू नये आणि चालवणाऱ्याला पुढचं कळावं अशी तिची मांडणी करायची.

चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर घोटाळा होतो. मळणीचे बैल आठवा. खुंट्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, बाहेरच्याला मोठा फेरा मारावा लागतो. गाडीचंही तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं. म्हणून मध्ये दातेरी चाकांची एक डबी असते, तिला डिफरेन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू देते. डबीत पातळ ग्रीस असेल तर चाकं मोकळी फिरतात, घट्ट असेल तर एकमेकांना धरून राहतात. या गाडीत अशा दोन डब्या, एक पुढे आणि एक मागे. पोरानं पुढची थोडी घट्ट आणि मागची मोकळी ठेवली.

मग शॉक-अब. चार चाकांना चार छोट्या नळ्या, वर स्प्रिंग. या नळ्यांत तेल भरतात. एकजण म्हणाली, खोबरेल चालेल की. पोरगं म्हणालं, थंडीत गोठलं तर? आम्ही सगळ्या गप्प. शिवाय साध्या तेलानं आतलं रबर फुगतं. म्हणून सिलिकॉनचं तेल लागतं, जे थंडी-उन्हात फारसं बदलत नाही. तेल भरून आतला दट्ट्या हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येतात, थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि मग झाकण लावायचं. हवा राहिली तर एक शॉक-अब पचपच आवाज करतो. दोन पुढचे एकमेकांसारखे आणि दोन मागचे एकमेकांसारखे हवेत. आमच्या मैत्रिणीनं, म्हणजे पोराच्या आईनं, ते दोन्ही हातात धरून दाबून बघितले आणि म्हणाली, डावा मऊ आहे. उघडला तर खरंच तेल कमी होतं. त्या महिन्यात ती पहिल्यांदा बोलली होती.

गाडी वाकडी आहे का हे बघायची युक्ती साधी आहे. सपाट काचेवर गाडी ठेवायची. सुरीचं टोक पुढच्या बाजूला अगदी मधोमध लावून हळूच उचलायचं. दोन्ही चाकं एकाच वेळी उठली तर ठीक. एक आधी उठलं तर कुठेतरी ताण आहे. आमच्या गाडीचं उजवं आधी उठत होतं. शोधलं तर वरची पट्टी आवळताना सांगाडा पिळला गेला होता. सगळे स्क्रू सैल करून, गाडी काचेवर दाबून धरून परत आवळले. मग सरळ झाली.

गाडीचं पोट जमिनीपासून पाच-सहा मिलिमीटर वर असावं, पट्टीनं मोजून. जागा खडबडीत असेल तर थोडं आणखी. जितकी खाली तितकी वळणावर स्थिर, पण फार खाली गेली तर घासते. चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकलेला असतो, एक-दोन अंश. वळताना गाडी बाहेर कलते तेव्हा टायर पूर्ण टेकावा म्हणून. झुकाव बरोबर आहे का हे टायरच सांगतो. आतली कड जास्त झिजली तर झुकाव जास्त आहे. आपली चप्पल कुठून झिजली यावरून चालणं कळतं, तसंच.

दात्यांचाही विचार आहे. मोटारीच्या टोकावर छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. या गाडीत मूळचं २२ दात्यांचं येतं, ते ७० दात्यांच्या चाकाला फिरवतं. पिनियनचे दाते वाढवले की गाडीचा वेग वाढतो, पण मोटारीवर ओझं येतं आणि ती तापते. पोरानं हावेपोटी मोठं पिनियन लावलं होतं. मोटार किती तापते हे बघायला आशाताईंकडून करोनाच्या वेळची तापमानाची बंदूक आणली. ती माणसाच्या तापासाठी बनवलेली, मोटारीवर धरली तर तिनं आकडाच दाखवला नाही, नुसता इशारा दिला. शेवटी बोटानं बघायचं ठरलं. गाडी पाच मिनिटं चालवून मोटारीला बोट लावायचं. दोन सेकंदही ठेवता आलं नाही तर दाते कमी करायचे. त्यानं परत २२चं लावलं.

फुटलेला टप पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा. आतून जाळीची चिकटपट्टी, भिंतीच्या भेगांना लावतात ती, आणि चपला चिकटवायचा गोंद लावून सांधला. रंग आतूनच द्यायचा असतो, म्हणून क्रम उलटा. रांगोळीत आपण आधी मोठा भाग भरतो, मग बारीक रेघा. इथे आधी रेघा आणि गडद रंग, मग वरून फिका. आमच्या रांगोळीवालीनं पहिल्यांदा चुकवलं, पण दुसऱ्या पट्ट्यापासून तिला जमलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ती वही. गटाच्या सचिव ताईंनी जुन्या रोजकीर्दीच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. तारीख, जागा, ऊन किती, टायर कोणते, पुढची स्प्रिंग, मागची स्प्रिंग, पोटाची उंची, काय बदललं, काय झालं. रविवारी परवानगी काढून शाळेच्या सिमेंटच्या आवारात विटा मांडून वळणं केली. पोरगं चालवायचं, सचिव ताई मोबाइलवर फेरीची वेळ धरायच्या.

पहिल्या दिवशी गाडी मागून घसरत होती. पोरानं एका दमात मागची स्प्रिंग बदलली, उंची बदलली, टायरही बदलले. गाडी सुधारली. सचिव ताईंनी विचारलं, "कशामुळे?" त्याला सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, सगळं परत होतं तसं कर. एका वेळी एकच बदल. तो वैतागला, पण केलं. मागची स्प्रिंग मऊ केल्यावर मागच्या चाकांची पकड वाढली, हे वहीत आलं. नंतर उलटं झालं, गाडीचं तोंड वळेना, सरळच जायची. तेव्हा पुढची स्प्रिंग मऊ केली. नियम असा सापडला, की ज्या बाजूची पकड वाढवायची ती बाजू मऊ करायची. एका वेळी एकच बदल हा नियम आम्ही आता लोणच्याच्या मसाल्यालाही लावला आहे. चव का बदलली हे आता सांगता येतं.

डिसेंबरच्या शेवटी गाडी विकायला तयार झाली. तेव्हा पोरगं आमच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, फेब्रुवारीत शहरात शर्यत आहे, विकायच्या आधी एकदा चालवू द्या. बैठकीत दोन तट पडले. मोडली तर? शेवटी आईनंच सांगितलं, "मोडली तर नुकसान माझं. पण तुमच्यापैकी दोघींनी बघायला यायचं." आम्ही चौघी गेलो.

एका मोठ्या पार्किंगच्या जागेत पाइप मांडून रस्ता केला होता. चालवणारे उंच मंचावर उभे. प्रत्येक गाडीत एक छोटी डबी, ती रेषा ओलांडली की संगणकात फेरी मोजली जाते. एक फेरी पाच मिनिटांची. आम्हाला एक पद्धत फार आवडली. ज्यांची शर्यत झाली त्यांनी लगेच रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि पुढच्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. कितीही मोठा चालक असो, ज्यानं हे केलं नाही त्याला शिक्षा. आपण गटात भिशी उचलली की बैठकीला यायचं टाळणाऱ्या बायका बघतो ना, त्यांना हे दाखवावं असं वाटलं.

आमचं पोरगं सगळ्यात खालच्या गटात होतं. तिथे त्याचा चौथा नंबर आला. बक्षीस नाही. पण त्या गटात दोन गाड्या मध्येच बंद पडल्या, एकीचा स्क्रू गळाला, एकीची वायर सुटली. आमची गाडी प्रत्येक वेळी पाच मिनिटं पूर्ण धावली. दोन फेऱ्यांच्या मध्ये आई बोटानं मोटार बघायची आणि सचिव ताई वहीत लिहायच्या. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ ती वही चाळत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, गाडी विकणार का? वहीसकट? साडेअकरा हजारांना सौदा झाला.

आता हिशेब, कारण गटाचा कार्यक्रम हिशेबाशिवाय संपत नाही. फेब्रुवारीपर्यंत आईनं आठ हप्ते भरले होते, मुद्दल दहा हजार बाकी होतं. गाडीच्या पैशातून ते भरून कर्ज बंद झालं, उरलेले दीड हजार तिला मिळाले. गाडीला अठरा हजार गेले, दुरुस्तीला तेवीसशे गेले, हातात आले साडेअकरा. म्हणजे आठ हजार आठशेचं नुकसान, आणि फीसाठी नोव्हेंबरमध्ये तिला दोन शेळ्या विकाव्या लागल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. पोरगं आता रविवारी गॅरेजमध्ये काम करतं आणि महिन्याला पाचशे आईच्या पासबुकात भरतं. चार महिने झाले, चुकलेलं नाही.

आमच्यातली एकजण अजूनही म्हणते की त्या पोराला जास्तच लाडावलं. तिचं म्हणणं वहीत लिहून ठेवलं आहे. तिचंही बरोबर असू शकतं.

आम्ही मात्र तीन गोष्टी बदलल्या. शिक्षणाच्या कर्जाची पावती पंधरा दिवसांत बैठकीत दाखवायची, मग ती कुणाचीही असो, सचिवाची असली तरी. कर्जातून घेतलेल्या प्रत्येक यंत्राची एक वही ठेवायची, गिरणी असो, शिलाई मशीन असो, शेवयाचं यंत्र असो. त्यात साफ कधी केलं, तेल कधी घातलं, कोणता भाग बदलला, हे लिहायचं. आणि यंत्र बिघडलं तर मेकॅनिकला फोन करण्याआधी बाईनं स्वतः तीन गोष्टी बघायच्या: माती किंवा गुंता अडकलाय का, स्क्रू सैल झालाय का, वायरचा जोड सुटलाय का.

मागच्या महिन्यात पिठाची गिरणी बंद पडली. ती चालवणाऱ्या बाईनं झाकण उघडलं, पट्टा सैल झाला होता. स्वतः घट्ट केला, वहीत तारीख लिहिली आणि दळण सुरू केलं. मेकॅनिकचे दोनशे रुपये वाचले. तर मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गटाच्या यंत्रासाठी एक वही घाला. पहिल्या पानावर यंत्र घेतल्याची तारीख लिहा. पुढचं यंत्रच तुम्हाला लिहायला लावेल.